ढालीवरची नावं



कापूस घरात यायला लागला की आमच्या सोयगाव तालुक्यात रात्रीची गस्त सुरू होते. विहिरीवरची मोटार, केबल, घरात रचलेला कापूस, काहीही चोरीला जातं. यंदा एका गावात ग्रामसुरक्षा दलाचा फोटो काढला. हातात काठ्या, बॅटऱ्या, गळ्यात शिट्ट्या. फ्रेम करून तो ग्रामपंचायतीत लावला, खाली ओळीनं नावं. रात्री दोन वाजता उठून चहा करणाऱ्या बायका त्यात नाहीत. किटली घेऊन मध्येच आलेली एक मुलगी तेवढी कडेला दिसते. नाव तिचंही नाही.

फोटो पाहिला आणि रेम्ब्रांटचं 'रात्रीची गस्त' आठवलं. अ‍ॅमस्टरडॅम शहराच्या नागरी रक्षक दलाचं हे चित्र १६४२ सालचं. (प्रसंग खरं तर दिवसाचा. वरचं व्हार्निश काळवंडलं आणि रात्रीचं नाव पडलं.) पुढे कॅप्टन फ्रान्स बॅनिंक कॉक, शेजारी त्याचा लेफ्टनंट, मागे भाले-बंदुका घेतलेले शहरातले खातेपीते पुरुष. चित्रात यायचं तर पैसे भरायचे. दलातल्याच एकानं पुढे साक्ष दिली आहे की सोळा जणांनी सरासरी शंभर गिल्डर दिले. कुणी जास्त, कुणी कमी, ज्याची त्याची चित्रातली जागा बघून. मागच्या कमानीवर नंतर एक ढाल रंगवली गेली आणि तिच्यावर अठरा नावं लिहिली गेली. ढोलवाला भाड्यानं आणलेला, त्याचं नाव तिथे नाही.

आणि या गर्दीत एक मुलगी आहे. सोनेरी झगा, सगळा उजेड तिच्या अंगावर. कमरेला कोंबडी लटकते आहे, तिची नखं ठळक दिसतात. ही नखं म्हणजे त्या दलाची खूण. म्हणजे दलाचं निशाण मिरवायला मुलगी चालते. तिच्या आड आणखी एक मुलगी आहे, ती तर धड दिसतही नाही.

ज्यानं पैसे दिले त्याचं नाव, हे आपल्याकडेही जुनंच. अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात. सोळाव्या लेण्यात दान देणाऱ्या वराहदेव मंत्र्याचं नाव कोरलेलं आहे, भिंती रंगवणाऱ्यांचं नाही. पण कान्हेरीला, कुड्याला दान देणाऱ्या बायकांची, भिक्षुणींची नावं दगडात आहेत. त्यांच्या हातात द्यायला काही होतं. आमच्या बायकांच्या हातात चहाची किटली आहे, आणि चहाला वर्गणी म्हणत नाहीत.

हे दल रक्षण करतं ते नेमकं कुणाचं, हाही प्रश्न आहेच. रेम्ब्रांटची बायको सास्किया १६४२ सालीच वारली. तिच्या तान्ह्या मुलाला सांभाळायला गेर्टये डिर्क्स नावाची विधवा घरात आली. १६४९ मध्ये ती न्यायासनापुढे उभी राहिली : यानं मला लग्नाचं वचन दिलं होतं. तिला वर्षाला दोनशे गिल्डर द्यायचा हुकूम झाला. पुढच्याच वर्षी तिची रवानगी खाउडा गावच्या बायकांच्या सुधारगृहात झाली, आणि ती व्हावी म्हणून खटपट केली खुद्द चित्रकारानं. १६५५ मध्ये ती सुटली. शहराला रक्षक कमी नव्हते. पण घरातली बाई त्यांच्या गस्तीत येत नव्हती.

आमच्या त्या गावातही येत नाही. चोराच्या मागे दल पार नाल्यापर्यंत धावतं. एखाद्या घरातून मध्यरात्री बाई ओरडली तर 'त्यांच्या घरातली भानगड' म्हणून पुढे जातं. हे मला बायकांनीच सांगितलं, आणि सांगताना त्या हसत होत्या. ते हसू मला फार लागलं. मी त्यांना म्हटलं, हे लिहून द्या.

दिलं त्यांनी. दलात पाच बायका घ्या, आणि मारहाणीचा आवाज आला तर दार वाजवणं हेही गस्तीचंच काम धरा, असा तो अर्ज आहे. एका म्हाताऱ्या पुरुषानं विचारलं, 'बायका रात्रीच्या कशा फिरतील?' तर एक जण म्हणाली, 'आन्ना, पानी भरायला फिरतोच की.' आधी महिलांची सभा, मग २६ जानेवारीला ग्रामसभा. अर्जावर सतरा सह्या आणि चार अंगठे आहेत.