गाणाऱ्या तरुणांना मंच हवा!

मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’मध्ये स्थानिक तरुणांचे बँड गात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये व शाळांभोवतीचा शंभर मीटर परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन मुके झाले. रुग्णांच्या शांततेबद्दल वाद नाही. पण पर्यायी मंच देणे हे शासनाचे कर्तव्य होते. आज हे बँड प्रामुख्याने मद्यगृहांतील छोट्या मंचांवर गातात. तेथे कला मद्यविक्रीची बटीक बनते आणि कामगाराचा मुलगा दाराबाहेरच राहतो. १९४४ मध्ये स्थापन झालेले लाल बावटा कलापथक थेट कामगारवस्तीत गाई. गिटार परकी म्हणून नाक न मुरडता, पालिकेची सभागृहे या तरुणांना अल्प भाड्यात खुली करण्याची मागणी पुरोगामी चळवळीने लावून धरली पाहिजे.