स्मृती सेवेत उतरावी

जिवाभावाचा मित्र दीर्घ आजाराने अकाली गेला की पहिल्या वर्षी सारे काही होते. चौकात फलक लागतात, पुण्यतिथीला रक्तदान होते, शाळेत वह्या वाटल्या जातात. दुसऱ्या वर्षी उत्साह ओसरतो आणि पुढे स्मृती केवळ कुटुंबापुरती उरते. या उपक्रमांत गैर काही नाही. परंतु ज्या आजाराने मित्राला हिरावले, तो एका दिवसात आटोपणारा नसतो. मग त्याच्या नावाने होणारी सेवा तरी एका दिवसाची का असावी?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईत परळला उभे आहे. 'डॉ. हेडगेवार' या चरित्राचे लेखक व संघप्रचारक नाना पालकर १९६७ साली निवर्तले. सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये त्यांच्या नावाने स्मृती समिती स्थापन केली आणि रुग्णसेवा हेच स्मारक मानले. बाहेरगावच्या रुग्णांना व त्यांच्या नातलगांना निवारा आणि अल्प दरात डायलिसिस, असे हे काम आजही चालू आहे. गिरणगावाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेल्या सातारा-सांगलीकरांना परळ परके नाही. तेथील धडा मात्र गावी आणायला हवा.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला सामान्यतः आठवड्यातून २ ते ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास डायलिसिस घ्यावे लागते. ३ वेळा म्हटले तरी वर्षाला १५६ फेऱ्या! महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे उपचाराचा भार पुष्कळ हलका झाला आहे. पण माणमधून साताऱ्याला किंवा जतहून मिरजेला वारंवार जाण्याचा खर्च, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि बाहेरचे जेवण यांची तरतूद कोण करणार? फेऱ्या चुकू लागल्या की प्रकृती ढासळते. पैशाअभावी चुकलेली फेरी जिवावरही बेतू शकते.

येथेच मित्रमंडळाला काम आहे. ५० मित्रांनी दरमहा १०० रुपये दिले, तर ५,००० रुपये जमतात, वर्षाचे ६०,००० होतात. रक्कम मोठी नव्हे, पण एखाद्या घराला ती मोलाचा आधार देऊ शकते. मोठ्या देणगीपेक्षा न चुकणारी छोटी देणगी येथे अधिक उपयोगी ठरते, कारण आजारही महिना चुकवत नाही.

पथ्ये मात्र पाळावीत. निधीचे स्वतंत्र खाते असावे आणि वर्षाचा हिशेब देणगीदारांसमोर व दिवंगत मित्राच्या कुटुंबासमोर ठेवावा. मदत स्वीकारणाऱ्याचे छायाचित्र फलकावर झळकवू नये. आजाराने खचलेल्या माणसाचा स्वाभिमान जपणे हाही सेवेचाच भाग आहे.

यंदाच्या पुण्यतिथीला फलकाचा खर्च वाचवून सातारा-सांगलीतील मित्रमंडळांनी असे खाते उघडावे. मित्राच्या नावाने एक रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचला, तर याहून खरी श्रद्धांजली ती कोणती?