रोज एक हप्ता, रोज एक साक्ष

रमजानमध्ये वाचनाला आपोआप माप येते. कुरआनचे तीस पारे. रोज एक पारा वाचणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. तरावीहच्या नमाजमध्येही कुरआन टप्प्याटप्प्यानेच ऐकला जातो. उरलेले उद्या, ही सवय महिनाभरात अंगवळणी पडते. याच सवयीने एखादी आवडती कादंबरी पुन्हा वाचून पाहावी. माझी निवड आहे विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’.

ही रहस्यकथा मुळात हप्त्यांनीच आली. चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट १८६८ या काळात तिचे बत्तीस हप्ते छापले गेले. मराठीलाही ही रीत नवी नाही. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’च्या वाचकांनी आठवड्याआठवड्याने अशाच वाचल्या. रोज एक हप्ता धरला तर तीस रोजे सरतात आणि शेवटचे दोन हप्ते ईदला आणि बासी ईदला उरतात. बदलापूर ते दादर या लोकलच्या प्रवासात एक हप्ता आरामात होतो.

कथा सुरू होते १७९९मध्ये, श्रीरंगपट्टणमला. टिपू सुलतानचा पाडाव होतो आणि एक इंग्रज अधिकारी रक्त सांडून त्याच्या शस्त्रागारातला पिवळा हिरा पळवतो. कादंबरीनुसार हा हिरा मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवाच्या मूर्तीवरचा. गझनीच्या महमूदाच्या हातून तो वाचतो, पण औरंगजेबाच्या काळात लुटला जातो आणि फिरत फिरत टिपूकडे येतो. यातले एकेक नाव आज चहाच्या टपरीवर भांडण लावायला पुरेसे आहे. कॉलिन्सनेही ही कथा १८५७च्या उठावानंतर अकराच वर्षांनी लिहिली, इंग्लंडमधला राग पुरता निवला नव्हता तेव्हा. तरीही त्याने पहिला चोर इंग्रजच दाखवला.

पुढे इंग्लंडमधल्या एका घरातून हिरा पुन्हा नाहीसा होतो. तो कोणी नेला, हे इथे सांगणार नाही. सांगायची आहे ती मांडणी. पत्रे, रोजनिशी आणि साक्षी यांतून कथा उलगडते आणि साक्षीदारांना एकच अट असते: स्वतःला जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहायचे. म्हातारा कारभारी लिहितो, धर्माचे स्तोम माजवणारी एक बाई लिहिते, वकील लिहितो. कोणी मुद्दाम खोटे बोलत नाही, पण प्रत्येकाला घराचा एकच कोपरा दिसलेला असतो.

एका बैठकीत वाचताना आपण चोराच्या मागे धावतो. रोज एकच हप्ता वाचला की एका साक्षीबरोबर दिवसभर राहावे लागते, आणि काल ज्याच्यावर संशय घेतला त्याच्याविषयी आज पुन्हा विचार करावा लागतो. पूर्वी चोरी केलेल्या एका मोलकरणीवर सगळ्यांची नजर असते. तिचे म्हणणे पत्रातून कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. चेहरा पाहूनच लोक ज्याला टाळतात, त्या डॉक्टरच्या मदतनीसाची रोजनिशी वाचल्याशिवाय कोडे सुटत नाही.

आपल्या शहरांना या अटीची गरज आहे. उल्हासनगरच्या कॅम्पांत १९४७नंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी घर सोडताना काय पाहिले, ते त्यांच्याच तोंडून ऐकणे वेगळे आणि फोनवर फिरणारा इतिहास वेगळा. लोकल अंबरनाथ सोडून उल्हासनगरला पोचेपर्यंत एखादी अफवा दहा गटांत गेलेली असते. ती पुढे ढकलणाऱ्याने स्वतः काहीच पाहिलेले नसते. आणि तिच्यात ज्याचे नाव येते, त्याचे दुकान बंद पडते, मुलांची शाळा बुडते. खुलासा नंतर येतो.

कुरआनच्या हुजुरात या सूरेत आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे आणि पाठीमागे निंदा करण्याची मनाईही. म्हणूनच रोजा पोटाचा तसा जिभेचाही मानतात. आता त्यात अंगठ्याचाही धरायला हवा.

शेवटचे पान आधी उघडल्याने कोणाचा रोजा मोडत नाही. पण शेजारच्या घराला सोबत घेऊन वाचा, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो. चोर कोण यावर पैज लावा आणि निकालासाठी ईदच्या शीरखुर्म्यापर्यंत थांबा.