कागद नसलेल्या कुत्र्याचे कूळ

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीकडे एकेक सोसायटी पुनर्विकासाला जाऊ लागली, तशी घरातली कुत्रीही घरे बदलू लागली आहेत. भाड्याच्या घराचा मालक कुत्र्याला नाही म्हणतो, कुटुंबाचा नाइलाज होतो आणि चांगला शहाणासुरता लॅब्रेडॉर ओळखीतल्या कुणाकडे तरी जातो. महिन्याभरात तो तिथे रुळतो. मग प्रश्न येतो : ‘लॅब प्युअर आहे हो, पण पेपर नाहीत. आता काढता येतील का?’

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच असते, आणि ते का, हे नीट सांगायला हवे. पेडिग्री, म्हणजे वंशावळीचा कागद, मोठ्या कुत्र्याकडे बघून लिहीत नाहीत. केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे सगळे जिला केसीआय म्हणतात ती चेन्नईची संस्था, तिच्याकडे ब्रीडर नोंद करतो ती अख्ख्या लिटरची, म्हणजे एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची, ती लहान असतानाच. त्यासाठी आई आणि बाप दोघांचीही नोंद आधीपासून झालेली लागते. आईबाप, आजी-आजोबा, पणज्या-पणजोबा अशा तीन पिढ्या धरल्या तर चौदा पूर्वज होतात. यातले प्रत्येक नाव त्या त्या वेळी कुणीतरी लिहून ठेवलेले असते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या घराण्याची नावे सापडतात ती आपला कुणी पूर्वज तिथे जाऊन लिहवून आला म्हणून. जो गेलाच नाही, त्याची ओळ त्या वहीत नाही.

तरीही शोध जरूर घ्यावा, आणि तो चिपपासून सुरू करावा. मायक्रोचिप दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवतात. ती कधी कधी सरकते, म्हणून डॉक्टरांना स्कॅनर मान, दोन्ही खांदे आणि छातीवरूनही फिरवायला सांगा. आंतरराष्ट्रीय मानकाच्या चिपचा क्रमांक १५ अंकी असतो. पहिले तीन अंक ९०० किंवा त्याच्या पुढचे असतील, तर तो बहुधा चिप बनवणाऱ्या कंपनीचा संकेत असतो; त्यावरून कुत्रा परदेशातून आला असे समजू नये. चिपमध्ये या क्रमांकापलीकडे काही नसते. नाव, पत्ता, जात हे सगळे ज्याने नोंद केली त्याच्या दप्तरात. तो क्रमांक केसीआयला कळवून विचारा. नोंद निघालीच, तर पुढचे काम मालकी बदलून घेण्याचे, आणि त्याला नोंदीवर नाव असलेल्या मालकाची सही लागते. आधीच्या घराशी संबंध राखून ठेवा तो यासाठीही.

चिप नसेल तर जुने व्हॅक्सिनेशन कार्ड शोधा. त्यावर जन्मतारीख असते, पहिल्या डोसाची तारीख असते आणि डॉक्टरांचा शिक्का असतो. उपनगरातले जुने डॉक्टर आसपासच्या ब्रीडरांना ओळखून असतात. ब्रीडर सापडला तर पिल्लाच्या आधी आईबापाचे कागद मागा. ‘आईचे आहेत, बापाचे नाहीत’ असे कळले की नोंदणीचा विषय तिथेच संपतो. आणि कुणी पैसे घेऊन ‘पेपर करून देतो’ म्हणाला, तर त्या प्रमाणपत्रावरचा चिपचा क्रमांक आपल्या कुत्र्याच्या अंगातल्या चिपशी जुळवून बघा. जुळत नसेल, किंवा अंगात चिपच नसेल, तर तो कागद दुसऱ्या कुत्र्याचा आहे.

डीएनए तपासणीचेही हल्ली विचारतात. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून जातीचा अंदाज टक्क्यांत मिळतो, पणजोबाचे नाव मिळत नाही. आईबापाचे नमुने हाताशी असतील तरच पिल्लू त्यांचे की नाही, हे त्यावरून ठरवता येते.

आपल्याकडच्या कुत्र्यांची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. सांगलीतला जत, सोलापूर, लातूर या पट्ट्यात कारवानी कुत्रा मेंढपाळांनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. कोणत्या कुत्रीला कोणाचा नर दाखवला हे त्यांच्या तोंडी असते. मुधोळच्या घोरपडे राजांनी याच कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली होती. टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी मुधोळ हाउंडचे तिकीट काढले, पुढे सैन्यानेही ही कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली. आजही केसीआय या कारवानीला कॅरॅव्हॅन हाउंड म्हणते आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. मागच्या पिढ्या ठाऊक नसलेला कुत्रा परीक्षकाला दाखवून ‘पेडिग्री अननोन’ म्हणून नोंदवण्याची रीत अशा ठिकाणी उपयोगी पडते. ती सगळ्या जातींना आणि सदासर्वकाळ खुली नसते, म्हणून चेन्नईला आधी विचारावे. नोंद झाली तरी मागचे रकाने रिकामेच राहतात. वंशावळ त्या कुत्र्यापासून पुढे सुरू होते. यात कमीपणा काही नाही. इंग्लंडच्या केनेल क्लबची स्थापना १८७३ ची, लॅब्रेडॉरला तिथे मान्यता मिळाली १९०३ मध्ये. त्या पहिल्या लॅब्रेडॉरांच्या खापरपणजोबांचे कागद तरी कुणी ठेवले होते?

आता पेपर हवेत कशाला, हे मी उलट विचारते. प्रदर्शनात उतरवायचे असेल तर ते रास्त आहे. पण बऱ्याचदा उत्तर येते, ‘एकदा मेटिंग करायचंय, एक लिटर होऊ दे.’ इथे मी कळकळीने सांगते, करू नका. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा हिप डिस्प्लेसिया हा आजार वंशातून उतरतो. आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे कुणी पाहिलेले नाहीत, आजी-आजोबा लंगडत होते का ते माहीत नाही, अशा कुत्रीची पिल्ले सात-आठ घरांत वाटायची आणि ती जिना चढेनाशी झाली की त्या घरांनी काय करायचे? पेडिग्रीचा खरा उपयोग हा आहे : कोणाच्या वंशात काय दुखणे आहे ते कळणे. ती माहिती नसेल तर निर्बीजीकरण करून घ्यावे. शिवाय २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार पिल्ले विकणाऱ्या ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, मादी १८ महिन्यांची होईपर्यंत तिच्याकडून पिल्ले घेता येत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. ‘घरच्या घरी एक लिटर’ म्हणणाऱ्यांना यातले काही ठाऊक नसते.

पेपर नसले म्हणून मुंबईत कुत्रा बेकायदा ठरत नाही. महापालिकेचा परवाना मात्र काढावाच लागतो, आणि त्यासाठी कूळ कुणी विचारत नाही. रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. चिप नसेल तर लसीच्याच भेटीत डॉक्टरांकडून बसवून घ्या. आधीची असेल तर दुसरी नको; त्याच क्रमांकाखाली स्वतःचे नाव आणि चालू फोन नंबर नोंदवून घ्या.