सोबतीला बाई, शिकवायला सर

गेल्या हंगामात शालेय खो-खोचे सामने पाहायला म्हणून बऱ्याच दिवसांनी मी मैदानाच्या कडेला जाऊन बसलो. आमच्या रत्नागिरीत पाऊस ओसरला आणि आठ दिवस ऊन पडले की लाल माती घट्ट होते. मग चुन्याच्या रेघा मारायच्या, दोन खांब उभे करायचे, की झाले मैदान. या खेळाला याहून जास्त काही लागत नाही, म्हणूनच तो वाड्यावस्त्यांवरच्या मुलींचा खेळ झाला. ऐश्वर्या सावंत, आरती कांबळे, अपेक्षा सुतार यांच्यासारख्या रत्नागिरीच्या मुलींनी महाराष्ट्राच्या संघातून नाव काढले, ते अशाच मैदानांवर घाम गाळून.

मुलींचा सामना ऐन रंगात आला होता. एका संघाचे सर रेषेलगत येरझाऱ्या घालत ओरडत होते. त्यांच्यापासून वीसेक पावलांवर दप्तरे, पाण्याच्या बाटल्या आणि मुलींच्या चपला यांच्या ढिगाशेजारी एक बाई बसल्या होत्या. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून जवळ गेलो. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली खेळलेली मुलगी ती! हुलकावणी देऊन निसटण्यात तिचा हात धरणारे तेव्हा तालुक्यात कोणी नव्हते. आता ती एका शाळेत शिक्षिका आहे.

‘‘काय गं, तू नाही शिकवत मुलींना?’’ मी विचारले.

‘‘नाही सर, मी सोबत आलेय. मुलींबरोबर बाई लागते ना!’’ ती सहज म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागले. घरी आल्यावर आठवले, की ही पद्धत रुळवण्यात माझाही हात आहे. मी तीस वर्षे शाळेत खेळ शिकवला. स्पर्धेची प्रवेशिका भरताना खाली दोन ओळी असत. एक मार्गदर्शकाची, दुसरी व्यवस्थापकाची. मुलींचा संघ असला की पहिल्या ओळीत मी माझे नाव लिहीत असे आणि दुसरीत शाळेतल्या कुठल्या तरी बाईंचे. त्या बाईंना खेळ येतो का, शिकवायला आवडेल का, हे मी एकदाही विचारले नाही.

सोबतीचा नियम

मुलींच्या संघाबरोबर बाई असावी, हा नियम योग्यच आहे. २०२२ च्या जूनमध्ये, परदेशातील सराव शिबिरात एका महिला सायकलपटूने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केल्यानंतर, भारतीय क्रीडा प्राधिकरणाने स्पष्ट सूचना काढली, की महिला खेळाडू असलेल्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे. पुढच्याच वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर महिला कुस्तीगीर धरणे धरून बसल्या, तेव्हा या सूचनेची गरज का पडते हे साऱ्या देशाने पाहिले. आपली मुलगी परगावी खेळायला जाते तेव्हा तिच्याबरोबर कोण आहे, हा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या मनात असतो आणि तो असायलाच हवा.

पण सूचनेतला शब्द ‘प्रशिक्षक’ आहे. प्रत्यक्षात आपण तिचा अर्थ ‘कोणी तरी बाई’ असा लावून घेतला. संघाबरोबर जायला बाई मिळाली की नियम पाळला गेला, कागद पूर्ण झाला. तिला काही शिकवता येते का, संघ निवडताना तिला विचारले का, हे प्रश्न कागदावर नसतात. बाई मैदानापर्यंत आली, पण रेषेच्या बाहेरच राहिली.

हे चित्र फक्त रत्नागिरीचे नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकांत महिलांचे प्रमाण अवघे १३ टक्के होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्री आणि पुरुष खेळाडूंना समसमान जागा देण्यात आल्या, तो सोहळा आपण दूरदर्शन संचावर पाहिला. खेळणाऱ्या निम्म्या, पण शिकवणाऱ्या मूठभर, असा हा व्यवहार आहे. खेळून झाल्यावर या सगळ्या मुली जातात कुठे?

येत नाही की देत नाही?

‘बायकांना ते जमत नाही’ हे उत्तर आजही ऐकू येते. त्याला आपल्याच महाराष्ट्राने चोख प्रत्युत्तर दिले आहे. नाशिकच्या शैलजा जैन यांनी अनेक वर्षे कबड्डी शिकवली. पुढे त्या इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. त्यांनी मुलींशी बोलता यावे म्हणून फारसी शिकून घेतली. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत याच संघाने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवले. २०१० आणि २०१४ ही दोन्ही सुवर्णपदके भारताची होती, तिसरे एका मराठी बाईने इराणला मिळवून दिले. त्या दिवशी आपल्याला हरल्याचे वाईट वाटले. खरे तर वाईट याचे वाटायला हवे होते, की एवढी गुणी प्रशिक्षक त्या दिवशी आपल्या बाजूला नव्हती.

दुसरा एक गैरसमज असा, की बाई शिकवणार ती मुलींनाच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे. त्यांना २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आपल्या कोकणाच्या वेशीवर, पनवेलला, सुमा शिरूर नेमबाजी शिकवतात. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारी अवनी लेखरा ही त्यांची शिष्या, आणि २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांच्या नावावर आहे. या दोघीही २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्वतः खेळल्या होत्या.

याचा अर्थ पुरुषांनी मुलींना शिकवू नये असा मुळीच नव्हे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्यामागे प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांची मेहनत होती. त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. प्रश्न एवढाच आहे, की पुरुष मुलींना शिकवू शकतो हे आपण न विचारता धरून चालतो आणि बाईला मात्र ते दर वेळी सिद्ध करावे लागते.

शिकवणाऱ्याला कोण शिकवणार?

उत्तम खेळणारी व्यक्ती उत्तम शिकवेलच असे नाही. गाता येणे आणि गाणे शिकवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, तसेच हे. आपल्याकडे प्रशिक्षक घडवण्याचे मोठे काम १९६१ साली पतियाळात सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेने केले. तिथला वर्षाचा पदविका अभ्यासक्रम किंवा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग पुरा केला, की नावापुढे ‘एन.आय.एस.’ लागते आणि मान मिळतो. पण रत्नागिरीहून पतियाळा सुमारे दोन हजार किलोमीटर. घरी सासूसासरे, शाळेत जाणारे मूल आणि शाळेची नोकरी असलेली माझी ती विद्यार्थिनी सहा आठवडे तरी तिकडे कशी जाणार? तिच्या वयाचा पुरुष जातो, कारण त्याच्या मागे घर सांभाळणारी कोणी तरी असते.

शिवाय प्रमाणपत्र घेऊन आलेला माणूस पुढे एकटाच असतो. तो कसा शिकवतो हे पाहायला कोणी येत नाही. माझ्याही मैदानावर तीस वर्षांत संघाचा निकाल विचारायला पुष्कळ जण आले, सराव पाहायला कोणी आले नाही.

जगात आता या कामासाठी वेगळी माणसे तयार केली जातात. त्यांना ‘कोच डेव्हलपर’ म्हणतात. आपण ‘प्रशिक्षकांचे प्रशिक्षक’ म्हणू. जपानमधील निप्पॉन स्पोर्ट सायन्स विद्यापीठात २०१४ पासून यासाठी खास अकादमी चालते आणि निरनिराळ्या देशांची माणसे तिथे शिकून जातात. हा मनुष्य खो-खो किंवा कबड्डी शिकवत नाही. तो मैदानाच्या कडेला वही घेऊन बसतो. समजा, बारा मुली रांगेत उभ्या आहेत आणि एकेक जण खांबावर सूर मारते आहे. तो मोजतो, की तासाभरात प्रत्येकीला किती वेळा संधी मिळाली आणि किती मिनिटे ती नुसती उभी राहिली. सराव संपल्यावर तो प्रशिक्षकाला चूक दाखवत नाही, विचारतो, ‘‘दोन्ही खांब एकदम वापरले असते तर?’’ पंधरा दिवसांनी तो पुन्हा येतो. अशा सात-आठ भेटींत शिकवणारा बदलतो.

नवख्या बाईसाठी तर अशा माणसाचे मोल फार. पहिल्याच पराभवानंतर ‘बाईंना दिला संघ, काय होणार!’ हे शब्द तिच्या कानावर पडणार असतात. त्या वेळी तिच्या बाजूला बसून ‘आज बचाव कुठे तुटला ते बघू या’ म्हणणारे कोणी असले, तर ती टिकते. नसले, तर पुढच्या वर्षी ती पुन्हा दप्तरांपाशी जाऊन बसते.

आपल्याला हा धडा नवा नाही. सावित्रीबाई फुल्यांनी स्वतः अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. पुढे गावोगाव मुलींच्या शाळा निघाल्या, तेव्हाही शिक्षिका तयार करणे हे वेगळे आणि आधी करायचे काम आहे, हे त्या पिढीने ओळखले. आमच्या दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी बायकांना शिकवण्यात आयुष्य घातले, ते त्या पुढे इतरांना शिकवतील या भरवशावरच. वर्गात जे आपण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केले, ते मैदानावर अजून करायचे राहिले आहे.

अठरा माणसे

मग करायचे काय? केवळ समित्यांवर बायका घेऊन भागणार नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला असाव्यात असे ठरवले, ते चांगलेच झाले. पण दिल्लीतल्या खुर्चीचा उपयोग लांज्याच्या मैदानापर्यंत पोचायला वेळ लागतो.

रत्नागिरी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातून दोन अनुभवी क्रीडाशिक्षक निवडावेत, त्यांतली एक बाई असावी. झाली अठरा माणसे. एस.टी.च्या अर्ध्या गाडीत मावतील एवढी. त्यांना प्रशिक्षकांचे प्रशिक्षक म्हणून तयार करावे, मराठीत, जिल्ह्यातच. वर्ग मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत तुकड्या-तुकड्यांनी घ्यावेत आणि लहान मूल घेऊन येणाऱ्या बाईची तिथे सोय असावी. त्यानंतर या अठरा जणांनी आपापल्या तालुक्यात माजी खेळाडू मुली शोधाव्यात. त्या शोधायला फार लांब जावे लागणार नाही. त्या शाळांत, अंगणवाडीत, बँकेत, दुकानात आहेत. लग्न होऊन आलेल्या सुनांतही आहेत, फक्त त्या खेळत होत्या हे सासरी कोणाला ठाऊक नसते.

त्यांना मानधन आणि प्रवासखर्च द्यावा. सराव संध्याकाळी साडेसहापर्यंत लांबला, तर गावाकडची शेवटची गाडी चुकते, हे ध्यानात घेऊन वेळ ठरवावी. आणि घरच्यांनी आठवड्यातून तीन संध्याकाळी तिच्या हातच्या भाकरीची वाट पाहू नये. ही शेवटची गोष्ट कोणत्याही सरकारी योजनेत बसत नाही, ती आपल्या घरातच ठरवावी लागेल.

यात खर्च फार नाही, पण न केल्याचे नुकसान मोठे आहे. एखादी मुलगी आठ-दहा वर्षे घाम गाळून जे शिकते, ते ती विशीत खेळ सोडते तेव्हा तिच्याबरोबर संपते. पुढची मुलगी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. २०२५ च्या जानेवारीत आपल्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. त्या संघाकडे पाहून आज मैदानात उतरलेल्या मुलींना उद्या कोण शिकवणार, हे आताच ठरवायला हवे.

मी आता निवृत्त आहे, प्रवेशिका भरण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पण त्या सामन्यानंतर चार दिवसांनी मी त्या शाळेच्या सरांना भेटलो. भला माणूस आहे. माझे म्हणणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘त्या खेळायच्या हे मला माहीतच नव्हते. त्या बोलल्याच नाहीत कधी!’’

मी म्हटले, ‘‘विचारलंत का कधी?’’ आणि म्हणताना लक्षात आले, की हा प्रश्न मला कोणी तरी तीस वर्षांपूर्वी विचारायला हवा होता.