विश्लेषण : हेल्मेटवरचा कॅमेरा डोक्याला धोकादायक?

पावसाळा सुरू झाला की ताम्हिणी, माळशेज, वरंध अशा घाटांमध्ये दुचाकीस्वारांचे जथे दिसू लागतात. त्यांतील अनेकांच्या हेल्मेटवर, हनुवटीपाशी किंवा थेट माथ्यावर, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ‘ॲक्शन कॅमेरा’ चिकटवलेला असतो. कुणाला घाटातला प्रवास समाजमाध्यमांवर दाखवायचा असतो, तर कुणाला अपघात झालाच तर हाताशी पुरावा हवा असतो. केरळच्या मोटार वाहन विभागाने मात्र २०२२ मध्ये हेल्मेटवर असा कॅमेरा लावण्यास मनाई केली. या मनाईला शास्त्रीय आधार कितपत आहे आणि कॅमेरा लावायचाच असेल तर तो कुठे लावावा, याचा हा आढावा.

केरळने मनाई का केली?

हेल्मेटवर कॅमेरा आढळल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत वाहन परवान्याचे निलंबन, अशी कारवाई केरळच्या मोटार वाहन विभागाने जाहीर केली होती. अपघातात हेल्मेटवरील कॅमेऱ्यामुळे डोक्याची इजा अधिक गंभीर होऊ शकते, असे कारण त्यामागे देण्यात आले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दुचाकीस्वाराने केवळ डोके झाकणे पुरेसे नाही, हेल्मेट ठरलेल्या मानकांनुसार असावे लागते. भारतात हे मानक भारतीय मानक ब्युरोचे असून जून २०२१ पासून ‘आयएसआय’ चिन्ह नसलेल्या हेल्मेटच्या उत्पादनास व विक्रीस बंदी आहे. कारखान्यातून चाचणी होऊन बाहेर पडलेल्या हेल्मेटवर नंतर काही जोडले, तर ते चाचणी झालेलेच हेल्मेट राहते का, हा वादाचा मूळ मुद्दा आहे.

ही चर्चा जगभर झाली ती एका बड्या नावामुळे. फॉर्म्युला वनचा विश्वविजेता मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधील मेरिबेल येथे स्कीइंग करताना खडकावर आदळला. त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता आणि आघातात हेल्मेट फुटले. कॅमेऱ्यामुळे इजा वाढली का, यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली, पण ठाम निष्कर्ष निघाला नाही. प्रश्न मात्र कायम राहिला.

हेल्मेट नेमके काय करते?

हेल्मेटचा इतिहास एका मोटरसायकल अपघातापाशी सुरू होतो. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये सायकलवरील दोन मुलांना वाचवताना मोटरसायकलवरून फेकले गेले आणि डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे सहा दिवसांनी दगावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स होते. त्यांनी पुढे दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पाठोपाठ १९४३ मध्ये ऑक्सफर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी दाखवून दिले, की मेंदूला सर्वाधिक इजा सरळ धक्क्यापेक्षा डोके अचानक गर्रकन फिरल्याने होते. मेंदू मऊ असतो. कवटी एकदम फिरली की तो मागे राहतो आणि आतल्या आत ताणला जातो.

आजचे हेल्मेट या दोन्ही गोष्टींचा विचार करते. बाहेरचे कठीण कवच धक्का मोठ्या भागावर पसरवते आणि रस्त्यावर घसरत जाते. आतला थर्मोकोलसारखा थर चुरडला जाऊन धक्क्यातली ऊर्जा शोषून घेतो, म्हणजे डोके थांबायला काही हजारांश सेकंद जास्त मिळतात. मोटरसायकलच्या हेल्मेटविषयीच्या ६१ अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २००८ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

कॅमेऱ्यामुळे त्यात काय बिघडते?

तीन गोष्टी संभवतात. पहिली म्हणजे धक्का एका जागी एकवटणे. हेल्मेट कॅमेऱ्याच्याच बाजूने आपटले, तर तळहाताएवढ्या जागेत पसरायला हवा तो मार कॅमेऱ्याच्या पायाखालच्या छोट्या जागेतून आत जाऊ शकतो. दुसरी गोष्ट अडकण्याची. गुळगुळीत गोल कवच रस्त्यावर सरकते. वर आलेला कॅमेरा मात्र खड्ड्याच्या कडेत किंवा दुभाजकात अडकून डोक्याला हिसका देऊ शकतो. होलबोर्न यांनी ज्याविषयी सांगितले, ते फिरणे इथे वाढते. अमेरिकेच्या हेल्मेट मानकात कवचाबाहेर ५ मिलिमीटरपेक्षा जास्त उंचीचा कठीण भाग चालत नाही, तो याच कारणासाठी. तिसरी बाब सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे चिकटवण्यासाठी वापरलेला पदार्थ. पॉलिकार्बोनेटसारख्या प्लॅस्टिकचे कवच थिनर, पेट्रोल आणि काही गोंदांमुळे ठिसूळ होऊ शकते. वरून भेग दिसत नाही, पण ताकद कमी झालेली असते. कॅमेरा घट्ट बसावा म्हणून कवचाला भोक पाडून स्क्रू बसवणे तर हेल्मेट निकामी करण्यासारखेच आहे.

याला दुसरी बाजूही आहे. कॅमेऱ्याचा पाया ठरावीक जोरानंतर तुटून पडणारा असेल, तर अडकण्याचा धोका बराच कमी होतो. म्हणजे ‘कॅमेरा किती घट्ट बसला आहे’ यापेक्षा ‘तो योग्य वेळी सुटतो का’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. दुकानात मात्र नेमका उलटा निकष लावला जातो. जितका घट्ट, तितका चांगला!

मानेवर किती ताण येतो?

नेहमीच्या ॲक्शन कॅमेऱ्याचे वजन १५० ग्रॅमच्या आसपास असते. डोके व हेल्मेट मिळून सहा किलोंच्या घरात जाणाऱ्या भारापुढे ते किरकोळ वाटते. पण वजनाइतकाच वाराही महत्त्वाचा आहे. कॅमेऱ्याचा समोरचा भाग साधारण ३५ चौरस सेंटिमीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला त्यावर वाऱ्याचा दाब सुमारे ११० ग्रॅम वजनाएवढा पडतो. ताशी १०० किलोमीटरला तोच १७० ग्रॅमच्या आसपास जातो, कारण हा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. कॅमेरा हेल्मेटच्या एका बाजूला असेल, तर हा दाब डोके सतत त्या बाजूला वळवू पाहतो आणि मानेचे स्नायू ते सरळ ठेवण्यासाठी राबत राहतात. पुण्याहून महाबळेश्वरला जाईपर्यंत मान अवघडण्यामागे हेही एक कारण असू शकते. हनुवटीवर मधोमध लावलेल्या कॅमेऱ्यात हा वळवण्याचा जोर नसतो, पण चेहऱ्यावर पडल्यास तो जबड्याच्या अगदी समोर असतो.

कॅमेरा गाडीवर लावला तर?

डोक्याच्या दृष्टीने हा पर्याय केव्हाही चांगला, पण त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे ६७ हादरे गाडीच्या सांगाड्यातून हँडलपर्यंत पोहोचतात. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात कॅमेरा हलला की सरळ रस्ताही जेलीसारखा लुटलुटताना दिसतो. लांब दांडीवर कॅमेरा लावला की ही थरथर आणखी वाढते. म्हणून आधार जितका आखूड व ताठ, तितके चित्र स्थिर, असा साधा नियम आहे. मध्ये रबराचा तुकडा असल्यास उत्तम.

कॅमेऱ्याऐवजी मोबाइल हँडलला अडकवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मोटरसायकलच्या जोरदार इंजिनाचे हादरे आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरण यंत्रणा खराब करू शकतात, असा इशारा ॲपल कंपनीनेच सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. या यंत्रणेत भिंग अतिशय सूक्ष्म हालचाली करून हाताची थरथर भरून काढते. ॲक्शन कॅमेऱ्यांमध्ये हे काम बहुतांशी गणिताने, चित्राच्या कडा कापून केले जाते. त्यामुळे ते हादऱ्यांत अधिक टिकतात.

छातीवर पट्ट्याने कॅमेरा बांधण्याची पद्धतही रूढ आहे. त्यात हेल्मेट शाबूत राहते, पण पालथे पडल्यास कठीण वस्तू थेट छातीच्या हाडावर दाबली जाते. सर्व पर्यायांचा विचार करता हँडलच्या मध्यभागी किंवा पुढच्या सांगाड्यावर आखूड आधाराने लावलेला आणि सुटल्यास चाकात जाऊ नये म्हणून दोरीने बांधलेला कॅमेरा सर्वांत कमी त्रासाचा ठरतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का, ब्रेक व क्लचच्या वायरींना तो अडत नाही ना आणि दिव्याचा उजेड झाकला जात नाही ना, हे गाडी उभी असतानाच पाहून घ्यावे.

खरा धोका नजरेचा आहे का?

बऱ्याच अंशी, होय. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. एसटीच्या तीन बस एकामागे एक उभ्या केल्या तर जवळपास तेवढे अंतर होते. ‘रेकॉर्डिंग सुरू आहे ना’ हे बघायला तेवढाच वेळ लागतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक संस्थेने शंभर मोटारींमध्ये कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासात, रस्त्यावरून नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटली तर अपघाताची किंवा तो थोडक्यात टळण्याची शक्यता किमान दुप्पट होते, असे आढळले. मोटार निदान चार चाकांवर उभी असते. दुचाकीला खडी, सांडलेले तेल, रस्त्यावरचे शेवाळ यांपैकी काहीही आडवे करू शकते.

दुसरे लक्ष विचलित होते ते न दिसणाऱ्या प्रेक्षकांकडे. मे २०२३ मध्ये यमुना द्रुतगती मार्गावर अतिवेगात दुचाकी चालवणाऱ्या एका तरुण यूट्यूबरचा मृत्यू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तामिळनाडूत कांचीपुरमजवळ महामार्गावर पुढचे चाक उचलण्याच्या नादात आणखी एका लोकप्रिय यूट्यूबरला अपघात झाला आणि राज्याच्या परिवहन विभागाने त्याचा परवाना दहा वर्षांसाठी रद्द केला. या दोन्ही घटनांत कॅमेरा कुठे बसवला होता, हा प्रश्न गौण आहे. तो कुणासाठी सुरू होता, हे महत्त्वाचे.

पुरावा म्हणून उपयोग होतो का?

होतो, आणि म्हणूनच सरसकट बंदीचा विचार सावधपणे करायला हवा. घरपोच सेवा देणारे तरुण किंवा रात्री उशिरा एकटीने घरी परतणाऱ्या महिला यांच्यासाठी कॅमेरा ही हौस नसते. धडक देऊन पळून गेलेल्या गाडीचा क्रमांक त्यात टिपला जाऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल नोंद न्यायालयात सादर करता येते, पण तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात त्या फाइलचे ‘हॅश मूल्य’, म्हणजे एक प्रकारचा डिजिटल ठसा, नोंदवावा लागतो. म्हणून अपघातानंतर कार्डातील मूळ फाइल तशीच जपून ठेवणे गरजेचे असते. कापून, संगीत घालून समाजमाध्यमांवर टाकलेली चित्रफीत पुरावा म्हणून कमकुवत ठरते. शिवाय पुराव्यासाठी कॅमेरा हेल्मेटवर असण्याची काहीच गरज नाही. हँडलवरूनही समोरचा क्रमांक तितकाच स्पष्ट दिसतो.

बंदी की मानक?

संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील आणि युरोपात लागू असलेल्या हेल्मेट नियमावलीच्या ताज्या, ‘२२.०६’ या आवृत्तीने मधला मार्ग दाखवला आहे. तिच्यात डोके फिरण्याची स्वतंत्र चाचणी आली आणि हेल्मेटला जोडायच्या उपकरणांचाही चाचणीत विचार झाला. उत्पादकाने उपकरणासह हेल्मेट तपासून घ्यायचे आणि ग्राहकाने तपासलेलेच उपकरण लावायचे, असा हा सरळ व्यवहार आहे. दंडाने पोलिसांना कारवाईचा अधिकार मिळतो, मानकाने ग्राहकाला काय घ्यावे ते कळते. आपल्याकडे पहिल्यावर भर आहे, दुसऱ्याची गरज आहे.

तोवर शंका असेल तिथे हेल्मेट मोकळे ठेवणे, हाच शहाणपणा. मात्र या चर्चेत एक आकडा नजरेआड होऊ नये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला, त्यांपैकी ५० हजार २९ जण हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार व त्यांच्या मागे बसलेले सहप्रवासी होते. हेल्मेटवर कॅमेरा असावा का, हा प्रश्न ज्यांच्या डोक्यावर हेल्मेट आहे त्यांच्यापुरता आहे. उरलेल्यांसाठी त्याआधीचा प्रश्न अजून सुटलेला नाही.