डब्याची मागची बाजू वाचा

गाडी सर्व्हिसिंगला दिली की काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो: ऑइल कंपनीचं टाकायचं की बाहेरचं? ‘कंपनीचं’ म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने येणारं जेन्युइन ऑइल. ‘बाहेरचं’ म्हणजे कॅस्ट्रॉल, मोबिल, शेल, मोटुल, नाहीतर पेट्रोल पंपावर मिळणारं सर्वो, एचपी, मॅक. सिंथेटिक ऑइल सर्रास झाल्यापासून दोन डब्यांच्या किमतीतला फरक डोळ्यांत भरण्याइतका वाढला आहे, आणि गिऱ्हाईक गोंधळून बहुतेक वेळा महागाच्याच डब्याला हो म्हणतं. माझं मत आधीच सांगतो. डब्याच्या पुढच्या बाजूला नाव कुणाचंही असो. मागच्या बाजूला तुमच्या गाडीच्या हँडबुकात दिलेला ग्रेड आणि दर्जा छापलेला असेल, आणि डबा बनावट नसेल, तर त्यातल्या त्यात स्वस्त असेल तो घ्या.

गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची ऑइल रिफायनरी नसते. तिच्या नावाचं ऑइल तेल कंपन्याच तिच्या मागणीप्रमाणे मिसळून, डब्यात भरून देतात. अमेरिकेत हाच व्यवहार मोठी दुकानं करतात. कॉस्टको ‘कर्कलंड’ नावाने आणि वॉलमार्ट ‘सुपरटेक’ नावाने सिंथेटिक ऑइल विकतं. बनवतं दुसरंच कुणीतरी. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणारे आपले लोक त्या फडताळापुढे उभे राहतात तेव्हा त्यांच्याही मनात हीच शंका असते, की स्वस्त आहे म्हणजे काहीतरी कमी असणार. तिथेही उत्तर तेच: दर्जाचं चिन्ह पाहा आणि निर्धास्त घ्या.

आता डब्यात काय असतं ते पाहू. तीन चतुर्थांशाहून जास्त भाग असतो बेस ऑइलचा, उरलेला ॲडिटिव्हचा, म्हणजे त्यात मिसळलेल्या रसायनांचा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, बेस ऑइलचे पाच गट करते. पहिले तीन कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले. चौथा पीएओ, म्हणजे कारखान्यात रेणू जोडून तयार केलेलं तेल. या चारांत न बसणारं सगळं पाचव्यात. पूर्वी सिंथेटिक म्हटलं की चौथा किंवा पाचवा गटच समजला जाई. मग कॅस्ट्रॉलने आपल्या ‘सिंटेक’मध्ये तिसऱ्या गटातलं, हायड्रोजनच्या मदतीने अतिशुद्ध केलेलं तेल वापरायला सुरुवात केली आणि मोबिलने त्याविरुद्ध तक्रार केली. १९९९ साली अमेरिकेतल्या जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मंडळाने निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. तेव्हापासून तिसऱ्या गटाचं ऑइलही ‘फुल्ली सिंथेटिक’ म्हणून विकलं जातं. आज बाजारातल्या सिंथेटिक डब्यांपैकी बहुतेकांत हेच असतं, नामांकित कंपन्यांच्याही. जर्मनीत मात्र ‘फोल्सिंथेटिश’ लिहायला अजून चौथा-पाचवा गट लागतो.

यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. कडाक्याच्या थंडीत पीएओ खरोखर उजवं ठरतं, पण आपल्याकडे शून्याखाली तीस अंशांत गाडी सुरू करायची वेळ क्वचितच कुणावर येते. आपल्या इंजिनाची परीक्षा चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत आणि पुण्या-मुंबईच्या रखडलेल्या ट्रॅफिकमध्ये होते. तिसऱ्या गटाचं चांगलं ऑइल ती सहज पार करतं. ॲडिटिव्हचं म्हणाल तर त्यांचा जगभरचा बहुतांश व्यापार लुब्रिझॉल, इन्फिनियम, अफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट या चारच कंपन्यांच्या हाती आहे. लुब्रिझॉलचा एक कारखाना तर नवी मुंबईत तुर्भ्यालाच आहे. म्हणजे महाग आणि स्वस्त डब्यांतला माल पुष्कळदा एकाच ठिकाणाहून निघालेला असतो. दर्जा ठरतो तो मिश्रण कोणत्या कसोट्यांना उतरवलंय त्यावर.

म्हणूनच मागची बाजू. तिथे आधी दाटपणाचा ग्रेड असतो: ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२०, १०डब्ल्यू-३०. अलीकडच्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहूनही पातळ ०डब्ल्यू-१६ लागतं. ‘आपल्याकडे ऊन फार, जरा दाट टाकू’ असं सांगणारे मेकॅनिक अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका. इंजिनातल्या फटी आणि ऑइल पंप त्या पातळपणाचा हिशेब धरूनच बनवलेले असतात. ग्रेडच्या शेजारी एपीआयचा दर्जा असतो. पेट्रोल गाड्यांसाठी २०२० पासून ‘एसपी’ आला, २०२५ पासून ‘एसक्यू’. नवा दर्जा जुन्याच्या जागी चालतो. जुना नव्याच्या जागी चालत नाही. नुसती अक्षरं छापलेली असणं वेगळं आणि एपीआयचं गोल चिन्ह असणं वेगळं. चिन्हाचा अर्थ त्या ऑइलने परवाना घेतला आहे. एपीआय परवान्याची ऑइलं बाजारातून उचलून तपासतेही. चिन्ह नसेल तर ती अक्षरं म्हणजे उत्पादकाचा स्वतःचा दावा. मोठ्या तेल कंपनीचा असा दावा मी मान्य करतो; नाव कधी न ऐकलेल्या डब्याचा करत नाही.

दुचाकीवाल्यांनी इथे दुप्पट सावध राहावं. मोटरसायकलचं इंजिन, गिअर आणि क्लच बहुधा एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती ओल्या क्लचला पोचली की क्लच घसरायला लागतो. त्यासाठी जपानी वाहन मानक संस्थेने ‘जासो’ दर्जे ठरवले. मोटरसायकलला ‘एमए’ किंवा ‘एमए२’, आणि कोरडा क्लच असलेल्या ॲक्टिव्हासारख्या स्कूटरला ‘एमबी’. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात ‘भारीतलं सिंथेटिक द्या’ म्हणण्यापेक्षा ‘जासो एमए२, १०डब्ल्यू-३०’ म्हणा, म्हणजे हँडबुकात जे असेल ते नेमकं मागा. क्लच वाचेल.

डिझेलचं प्रकरण याहून महागात पडणारं. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आली. ऑइल जळून उरणारी राख त्या जाळीत साठते, आणि काजळीसारखी ती जाळून टाकता येत नाही. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं, युरोपातल्या ‘एसीईए सी२’ किंवा ‘सी३’ अशा दर्जाचं ऑइल लागतं. जुन्या ट्रकसाठीचं डिझेल ऑइल कितीही नामांकित कंपनीचं असलं तरी ते इथे नुकसानच करतं. योग्य दर्जाचं पंपावरचं साधं ऑइल चालतं. डीपीएफ बदलण्याचा खर्च ऑइलच्या कित्येक डब्यांएवढा असतो. फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज अशा युरोपीय कंपन्या स्वतःचे मंजुरी क्रमांकही देतात. तो क्रमांक डब्यावर जसाच्या तसा हवा.

वॉरंटीची भीती घालणं हा सर्व्हिस सेंटरचा नेहमीचा मार्ग. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. बाहेरच्या मेकॅनिककडे गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिलं. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने, ठरावीक ब्रँडचा माल वापरला तरच वॉरंटी अशी अट घालायला मनाई आहे. आपल्याकडे ग्राहकाला इतकं नेमकं संरक्षण हवं, असं माझं ठाम मत आहे. तोवर व्यवहाराचा सल्ला एवढाच, की वॉरंटीच्या काळात ऑइल अधिकृत सेंटरमध्येच बदला, वाद अंगावर घेऊ नका. वॉरंटी संपली की मोकळेपणाने निवडा आणि बिलं जपून ठेवा.

कंपनीचं की बाहेरचं, यावर आपण तासभर घालवतो आणि खरा धोका नजरेआड राहतो. तो म्हणजे बनावट ऑइल. नामांकित कंपनीचे रिकामे डबे भंगारातून उचलले जातात, त्यांत वापरलेलं, गाळलेलं ऑइल भरतात, नवं झाकण ठोकतात आणि माल पुन्हा दुकानात. ज्या नावाला जास्त मागणी, त्याचीच नक्कल जास्त. म्हणजे ब्रँडवर आंधळा भरवसा ठेवणाराच आधी फसतो. छापील किमतीपेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. सील तुमच्यासमोर तोडायला सांगा, क्यूआर कोड असेल तर तपासा. ऑइल ओतून झालं की रिकाम्या डब्याला भोक पाडून तो सोबत न्या. गॅरेजवाल्याला राग येईल, येऊ द्या.

वाचलेल्या पैशांचं काय करायचं? दर वेळी फिल्टर बदला. आणि ऑइल वेळेवर बदला, किलोमीटर किंवा महिने, जे आधी पुरे होईल ते. शहरात रोज दोन-चार किलोमीटर फिरणारी गाडी किलोमीटरने मागे असते, पण तिचं इंजिन पुरतं तापतच नाही. पाण्याचा अंश आणि पेट्रोल ऑइलमध्ये साठत राहतं. अशा गाडीचं ऑइल वर्षाच्या आत बदलायलाच हवं, मग ते कितीही उंची सिंथेटिक असो. प्रवासात ऑइल कमी झालं आणि नेमका तोच ब्रँड मिळाला नाही तरी घाबरू नका. एपीआयचा परवाना मिळवायला ऑइल इतर ऑइलांत मिसळून चालायलाच हवं, ही अट असते. त्याच ग्रेडचं आणि दर्जाचं दुसरं घाला आणि पुढे निघा.

सर्व्हिस सेंटरकडे माझी एक मागणी आहे. तिथे ऑइल बऱ्याचदा मोठ्या पिंपातून नळीने येतं, आणि जॉब कार्डवर लिहिलेलं असतं फक्त ‘इंजिन ऑइल’. आपण पैसे कशाचे दिले हे कळायला काही मार्गच उरत नाही. ग्रेड आणि दर्जा बिलावर छापणं सक्तीचं व्हायला हवं. ते होईपर्यंत हे आपल्यालाच करावं लागेल. पुढच्या वेळी हँडबुकातलं ते पान मोबाइलवर फोटो काढून न्या, काउंटरवर दाखवा, आणि बिलावर ग्रेड व दर्जा लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.